फोटोशॉप, लाइटरूम की मोफतचं सॉफ्टवेअर? तालुक्याच्या स्टुडिओने पैसे कशावर घालावेत

तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओत वर्षभर येणारं काम साधारण चार जातीचं असतं. पासपोर्ट आणि भरतीच्या अर्जाचे फोटो, जुन्या फोटोंची दुरुस्ती, लग्नाचे अल्बम आणि बॅनर. या चारही कामांना एकच सॉफ्टवेअर लागतं असं धरून कुणी फोटोशॉपचा भाड्याचा प्लॅन घेतो, तर कुणी महाग म्हणून कुठून तरी क्रॅक, म्हणजे चोरीची, कॉपी आणून टाकतो. दोघांचंही नुकसान होतं. म्हणून आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. पासपोर्टच्या कामासाठी एक रुपयाही घालू नका. लग्नं रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढत असाल तर गठ्ठ्याने फोटो नीट करणारं लाइटरूम घ्या, त्याचे पैसे एका लग्नसराईत निघतात. फोटोशॉप मात्र तुम्ही अल्बमची पानं कशी लावता ते पाहून ठरवा.

काउंटरवरचं काम

पासपोर्ट साइज म्हणजे ३५ × ४५ मिलिमीटर, ३०० डीपीआयला (इंचामागे ३०० ठिपके) ४१३ × ५३१ पिक्सेल. ४ × ६ इंचाच्या एका कागदावर असे आठ फोटो बसतात. गिंप हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्याला पुरेसं आहे. क्रॉप टूलमध्ये ‘फिक्स्ड’वर टिक करून प्रमाण ३५:४५ ठेवा, चेहरा कापून घ्या आणि इमेज स्केल करून ४१३ × ५३१ करा. मग कॅनव्हास साइज ४५० × ६०० करून फोटो मध्यभागी घ्या आणि उरलेली जागा पांढऱ्याने भरा. शेवटी फिल्टर्समधल्या मॅप विभागातून ‘टाइल’ घ्या आणि रुंदी १८००, उंची १२०० टाका. चार आडवे, दोन उभे असे आठ फोटो कापायच्या पट्टीसकट तयार होतात. हात बसला की दोन मिनिटांचं काम.

इथे चूक होते ती प्रिंट देताना. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘बॉर्डरलेस’ किंवा ‘फिट टू पेज’ चालू राहिलं तर प्रिंटर चित्र थोडं ताणून कागदाबाहेर नेतो आणि ३५ मिलिमीटरचा फोटो ३६-३७ भरतो. पहिली प्रिंट काढल्यावर पट्टीने मोजून पाहा. जास्त भरली तर बॉर्डरलेस बंद करा. सॉफ्टवेअर बदलून हे सुटत नाही.

ऑनलाइन अर्जात पिक्सेलपेक्षा केबीचं बंधन जास्त त्रास देतं. बँक भरतीच्या आयबीपीएस अर्जाला फोटो २०० × २३० पिक्सेल, २० ते ५० केबी आणि सही १४० × ६० पिक्सेल, १० ते २० केबी अशी लागते. कधी कधी पिक्सेल बरोबर असूनही फाइल ५० केबीच्या वर राहते. त्याचं कारण बहुतेक वेळा फाइलमध्ये लपलेलं असतं: कॅमेऱ्याची एक्झिफ माहिती (तारीख, सेटिंग वगैरे नोंदी) आणि आतला छोटा थंबनेल. गिंपमध्ये जेपीजी एक्स्पोर्ट करताना एक्झिफ, एक्सएमपी आणि थंबनेल यांच्या टिक काढा आणि प्रिव्ह्यू चालू करा. क्वालिटीचा आकडा हलवला की फाइलचं वजन तिथेच दिसतं. सही १० केबीच्या खाली जात असेल तर क्वालिटी १०० पर्यंत चढवा.

गिंपची उणीवही सांगायला हवी. केलेल्या पायऱ्या रेकॉर्ड करून पुढच्या फोटोवर एका बटणात चालवायची सोय त्यात नाही. फोटोशॉपमध्ये ती ‘ॲक्शन’ म्हणून आहे, ॲफिनिटी या फोटोशॉपसारख्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘मॅक्रो’ म्हणून. शाळा प्रवेशाच्या दिवसांत रोज शंभर पोरांचे फोटो येत असतील तर हा फरक जाणवतो. तरीही त्यासाठी वर्षाचा प्लॅन घ्यायची गरज नाही, कारण ॲफिनिटीही आता मोफत मिळतं. त्याचं पुढे येतंच. आणखी एक गोष्ट बऱ्याच दुकानांत ठाऊक नसते. इरफानव्ह्यू हे फोटो पाहायचं सॉफ्टवेअर मोफत आहे ते घरगुती वापरापुरतं. दुकानात वापरायचं तर त्याचं लायसन्स घ्यावं लागतं.

लग्नाच्या बाराशे फोटोंचा हिशोब

पैसे घालायचे की नाही याचा खरा निकाल लग्नाच्या कामात लागतो. समजा, हळदीपासून रिसेप्शनपर्यंत बाराशे फोटो निघाले. एकेक फोटो फोटोशॉपमध्ये उघडून कलर आणि उजेड नीट करायला ४० सेकंद धरले, तरी १३ तासांच्या वर जातात. लाइटरूम क्लासिकमध्ये तेच काम गटागटाने होतं आणि तीन-चार तासांत आटोपतं. वाचलेले नऊ-दहा तास म्हणजे ऐन सराईत एक अख्खा दिवस.

काम या क्रमाने करा. कार्डवरचे फोटो आधी एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर उतरवा. इम्पोर्ट करताना प्रिव्ह्यूसाठी ‘एम्बेडेड अँड साइडकार’ निवडा, म्हणजे कॅमेऱ्यानेच बनवलेलं छोटं चित्र लगेच दिसतं आणि ताटकळावं लागत नाही. मग कॅप्स लॉक चालू ठेवून निवड करा. ‘पी’ दाबलं की फोटो ठेवला, ‘एक्स’ दाबलं की टाकला, आणि प्रत्येक वेळी पुढचा फोटो आपोआप समोर येतो. डोळे मिटलेले, हललेले, एकाच क्षणाचे पाच-पाच असे फोटो काढले की बाराशेचे पाचशे होतात. कलर करेक्शन त्या पाचशेवरच करायचं.

पुढे उजेडाप्रमाणे गट पाडा. आपल्याकडच्या लग्नात उजेड तीन-चार वेळा पार बदलतो. सकाळची हळद अंगणात, दुपारचा कार्यक्रम लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवात, गोरज मुहूर्ताला मावळतीचं ऊन आणि त्यात हॅलोजन मिसळलेला, रात्री वरातीत रंगीत एलईडी. प्रत्येक गटातला एक फोटो नीट करायचा आणि बाकीच्यांवर ‘सिंक’ मारायचं. सिंकच्या खिडकीत क्रॉप आणि मास्क यांच्या टिक काढायला विसरू नका, नाहीतर एका फोटोचं काप सगळ्यांना लागतं आणि माणसांची डोकी उडतात.

व्हाइट बॅलन्ससाठी, म्हणजे उजेडाची रंगीत झाक काढण्यासाठी, ‘डब्ल्यू’ दाबून येणारा ड्रॉपर पांढऱ्या किंवा करड्या वस्तूवर टेकवायचा. लग्नात त्याला अंतरपाटाइतकी चांगली वस्तू नाही. मांडवातून गाळून आलेला तांबूस-पिवळा उजेड नवरदेव-नवरीच्या चेहऱ्यावर पडतो तसाच अंतरपाटावरही पडतो, म्हणून तो पांढरा झाला की चेहरे आपोआप जागेवर येतात. अंतरपाट फ्रेममध्ये नसेल तर गांधी टोपी किंवा सदऱ्याची बाही चालते. फक्त उन्हात पार जळून गेलेला पांढरा भाग घेऊ नका. तिथे रंगाची माहितीच उरलेली नसते, आकडा चुकतो.

हळदीच्या फोटोंना ‘ऑटो’ व्हाइट बॅलन्स कधीही लावू नका. फ्रेमभर पिवळं दिसलं की सॉफ्टवेअर त्याला उजेडाचा दोष समजतं आणि तो मारायला निळा चढवतं. मग हळद राखाडी होते आणि अंगाची कातडी आजारी माणसासारखी दिसते. बाजूला उभ्या असलेल्या, हळद न लागलेल्या करवलीचा फोटो आधी नीट करा आणि तोच आकडा हळदीच्या फोटोंना द्या. मांडवाच्या लाल कापडाची झाक हनुवटीखाली उरलीच, तर कलर मिक्सरमध्ये लालचं सॅच्युरेशन १० ते १५ ने उतरवा.

कातडीचा रंग केशरी पट्ट्यात बसतो. तिथे ल्युमिनन्स (उजळपणा) ५ ते १० ने वाढवली तर चेहऱ्याला उजाळा येतो. १५ च्या वर गेलात की चेहरा पिठासारखा होतो. गोरं करून द्या असं गिऱ्हाईक म्हणतं, आणि बरेच स्टुडिओ सगळ्या वऱ्हाडालाच एका सपाट्यात गोरं करून टाकतात. आमचं यावर ठाम मत आहे की तसं करू नये. एप्रिल-मेच्या उन्हात वावरात राबलेल्या बापाचा चेहरा अल्बममध्ये त्याच्याच रंगाचा दिसला पाहिजे. वीस वर्षांनी त्याची नातवंडं तो अल्बम उघडतील, तेव्हा त्यांना आजोबा ओळखू यायला हवेत. डोळ्यांखालची सावली हलकी करा, घामाची चमक कमी करा. रंग मात्र त्यांचा त्यांना राहू द्या.

रात्रीच्या वरातीचे फोटो चढ्या आयएसओमुळे खरखरीत येतात. लाइटरूममध्ये २०२३ साली आलेलं एआय ‘डीनॉइज’ तिथे खरोखर कामाचं आहे. पण ते ग्राफिक्स कार्डावर चालतं. वेगळं कार्ड नसलेल्या कॉम्प्युटरवर एकेका फोटोला कित्येक मिनिटं लागतात. किती वेळ लागेल ते त्याच खिडकीत आधी दिसतं. अल्बममध्ये मोठे जाणारे पंधरा-वीस फोटो निवडून तेवढ्यांनाच लावा.

एक सूचना मोठ्या कळकळीने. ‘लाइटरूम’ नावाचे दोन प्रोग्रॅम आहेत. ‘लाइटरूम क्लासिक’ फोटो तुमच्या डिस्कवर ठेवतं. नुसतं ‘लाइटरूम’ त्यात भरलेले फोटो क्लाउडवर चढवत बसतं. बाराशे रॉ फाइल, प्रत्येकी २५ एमबी धरली तर ३० जीबी होतात. रोज दोन जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकवर ते चढायला पंधरा दिवस जातील. गावात काम करायचं तर क्लासिकच घ्या.

कॉम्प्युटर कमजोर असेल तर इम्पोर्ट करतानाच ‘स्मार्ट प्रिव्ह्यू’, म्हणजे फोटोंच्या हलक्या प्रती, बनवून घ्या आणि प्रेफरन्सेसच्या परफॉर्मन्स विभागात एडिटिंगसाठी मूळ फाइलऐवजी तेच वापरायची टिक लावा. ते लांब बाजूला २५६० पिक्सेलचे असतात, त्यामुळे स्लायडर अडखळत नाही. एक्स्पोर्ट मूळ फाइलमधूनच होतं. आणि फोटोंचं फोल्डर विंडोजमधून हलवू नका. लाइटरूमला ते सापडत नाही, फोल्डरवर प्रश्नचिन्ह येतं, आणि केलेलं काम गेलं म्हणून घाबरगुंडी उडते. काम गेलेलं नसतं. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ने नवी जागा दाखवली की सगळं परत येतं.

मोफत पर्याय इथे कुठे बसतात? डार्कटेबल आणि रॉथेरपी दोन्ही चांगली आहेत, दोन्हींत एका फोटोचं करेक्शन बाकीच्यांवर टाकता येतं. पण डार्कटेबल शिकायला महिनाभर द्यावा लागतो, आणि सराईत तेवढी उसंत नसते. शिकायचं तर आषाढ-श्रावणात शिका. कॅनन, निकॉन आणि सोनी या कंपन्या आपापल्या कॅमेऱ्यांसाठी रॉ सॉफ्टवेअर फुकट देतात: डिजिटल फोटो प्रोफेशनल, एनएक्स स्टुडिओ आणि इमेजिंग एज. कंपनीचा मूळ रंग त्यांत हुबेहूब उतरतो, वेग मात्र कमी पडतो. वर्षाला चार-पाच लग्नं असतील तर एवढ्यावर भागेल. दहाच्या वर असतील तर लाइटरूम घ्या. आणि फक्त जेपीजीत शूट करत असाल तर आधी रॉ शिका. जेपीजीत जळालेलं पांढरं कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

अल्बमची पानं

करिझ्मा अल्बमचं १२ × ३६ इंचाचं पान ३०० डीपीआयला १०८०० × ३६०० पिक्सेल होतं. म्हणजे नुसता एक भरलेला थर सुमारे ११७ एमबीचा. त्यावर दहा फोटो, बॅकग्राउंड, सावल्या आणि फुलं आली की ८ जीबी रॅम धापा टाकू लागते. फोटोशॉपला किमान ८ जीबी आणि शिफारस म्हणून १६ जीबी रॅम लागते. अल्बमच्या कामाला १६ हीच किमान समजा. ‘स्क्रॅच डिस्क फुल’ (रॅम अपुरी पडली की फोटोशॉप डिस्कवरची जी जागा वापरतं ती भरली) ही तक्रार सगळ्यात जास्त येते. ती सी ड्राइव्ह भरल्यामुळे येते. प्रेफरन्सेसमध्ये स्क्रॅच डिस्क मोकळ्या एसएसडीवर न्या, हिस्टरी स्टेट्स ५० वरून २० करा, आणि एडिटमधून ‘पर्ज ऑल’ करा.

जुना कॉम्प्युटर असेल तर प्लॅनचे पैसे भरण्याआधी तपासा. आताचं फोटोशॉप विंडोज ७ वर बसत नाही, आणि नव्या आवृत्त्यांना एव्हीएक्स-टू ही सोय असलेला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या चौथ्या पिढीआधीच्या आय-थ्री, आय-फाइव्हमध्ये तो नसतो. अशा वेळी आधी कॉम्प्युटर बदला, सॉफ्टवेअरचं नंतर पाहू.

आता ॲफिनिटी. सेरिफ ही ब्रिटिश कंपनी ते बनवायची. २०२४ मध्ये कॅनव्हाने ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून नवं ॲफिनिटी मोफत केलं. कॅनव्हाचं मोफत खातं काढून एकदा इंटरनेटवर चालू केलं की पुढे नेट नसतानाही चालतं. पैसे लागतात ते फक्त त्यातल्या एआयच्या सोयींना. लेयर, मास्क, सीएमवायके (छपाईचे चार रंग), मॅक्रो, बॅच हे सगळं आहे, आणि फोटोशॉपची पीएसडी फाइलही लेयरसकट उघडते. पानं स्वतः कोऱ्यापासून लावणाऱ्याला यात काहीही कमी पडत नाही.

कमी पडतं ते तयार पीएसडी टेम्पलेटवर चालणाऱ्यांना. बाजारात मिळणारी टेम्पलेट्स फोटोशॉपसाठीच बनवलेली असतात. गिंपमध्ये त्यांचे ॲडजस्टमेंट लेयर, स्मार्ट ऑब्जेक्ट आणि सावलीच्या स्टाइल जशाच्या तशा येत नाहीत. ॲफिनिटीत पुष्कळसं येतं, पण एखादी चमक बदलते, एखादी सावली वेगळी पडते, आणि ते दुरुस्त करण्यात पानामागे पाच-दहा मिनिटं जातात. चाळीस पानांच्या अल्बमला हे परवडत नाही. तुमची शेकडो टेम्पलेट्स जमलेली असतील आणि गिऱ्हाईकही तीच पसंत करत असेल, तर फोटोशॉप घ्या. तिथे पैसे वसूल आहेत.

पान कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये लावा, चारही कडांना अर्धा इंच सोडा आणि मधल्या घडीवर चेहरा येऊ देऊ नका. नागपूर, अमरावती, अकोल्याच्या लॅबला फाइल पाठवताना ८ बिट, एसआरजीबी या रंगप्रकारातली, थर एकत्र केलेली जेपीजी द्या. ॲडोबी आरजीबीत पाठवलेली फाइल एसआरजीबी धरून चालणाऱ्या मशीनवर फिकट, मळकट छापली जाते. मग दोष लॅबला दिला जातो.

देवनागरी अक्षरांची कसोटी

हा मुद्दा बाहेरच्या परीक्षणांत सहसा येत नाही, आणि आपल्याकडे तर पानापानावर नावं, तिथी, आशीर्वाद असतात. सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यात युनिकोड फॉन्टने हे चार शब्द लिहून पाहा: विद्यार्थी, कार्तिक, श्रीकृष्ण, सोयऱ्यांना. रफार जागेवर बसला, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आली, जोडाक्षर जुळलं आणि ‘ऱ्या’ नीट उमटला तर सॉफ्टवेअर मराठी जाणतं.

गिंप या कसोटीला सहज उतरतं. फोटोशॉपमध्ये सेटिंग करावी लागते. पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा. जुन्या आवृत्तीत त्याआधी प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात साउथ एशियन इंजिन निवडून प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. हे न केल्यामुळे ‘क्षितिज’ची वेलांटी भलतीकडे जाते आणि फॉन्ट खराब आहे असं समजून लोक फॉन्ट बदलत बसतात. ॲफिनिटीच्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत देवनागरी जोडाक्षरं नीट बसतच नव्हती, म्हणून नव्या आवृत्तीतही हे चार शब्द आधी तपासा. नाहीच जमलं तर मजकूर इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लिहा, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा आणि एसव्हीजी म्हणून आणा.

श्रीलिपी, कृतिदेव यांचे जुने फॉन्ट सगळीकडे चालतात, कारण सॉफ्टवेअरला ती इंग्रजी अक्षरंच वाटतात. पण फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर सगळा मजकूर अगम्य होतो. शिवाय त्यातल्या काही फॉन्टचा ल आणि श हिंदी वळणाचा असतो, आणि लग्नपत्रिकेत तो डोळ्याला खुपतो. तिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट खास मराठी वळणाचा आहे. निमंत्रणाला, श्रद्धांजलीला तो शोभतो.

जुने फोटो आणि बॅनर

पुण्यस्मरणासाठी आजी-आजोबांचा एकुलता एक, चिरा पडलेला फोटो घेऊन लोक येतात. तो मोबाइलने टिपू नका, स्कॅन करा. २ × ३ इंचाचा फोटो ६०० डीपीआयला १२०० × १८०० पिक्सेल देतो आणि ४ × ६ ची स्वच्छ प्रिंट निघते. १२ × १८ हवी असेल तर स्कॅनर झेपेल तिथवर १२०० डीपीआयला न्या. चिरा आणि डाग काढायला हीलिंग आणि क्लोन गिंपमध्येही उत्तम आहेत. फोटोशॉपच्या न्यूरल फिल्टरने काळ्या-पांढऱ्याला रंग देता येतो, पण लुगड्याचा रंग ते मनाने भरतं. घरच्यांना विचारूनच रंग ठरवा. एआयने चेहरा ‘साफ’ करायला दिला की कधी कधी दुसराच माणूस तयार होतो. मूळ स्कॅन शेजारी ठेवून डोळे, नाक, ओठ ताडून पाहा. या कामासाठी प्लॅन घ्यायची गरज नाही.

फ्लेक्सचं काम करणाऱ्यांकडे कोरलड्रॉचं लायसन्स असेल तर त्याच्यासोबत फोटो-पेंट मिळालेलं असतं, आणि ते बहुतेक ठिकाणी उघडलेलंही नसतं. बॅनरपुरती फोटोची साफसफाई त्यात होते. १० × ८ फुटांचा बॅनर ३०० डीपीआयला लावू नका. ३६००० पिक्सेल होतात आणि पीएसडीची मर्यादा ३०००० ची आहे. लांबून पाहायच्या बॅनरला ७२ ते १०० डीपीआय पुरतात.

प्लॅन घेताना

फोटोशॉप एकरकमी विकत मिळण्याचे दिवस गेले. २०१२ चं सीएस-सिक्स ही तशी शेवटची आवृत्ती. २०१३ पासून भाडंच आहे. दर बदलत असतात, म्हणून आकडा खरेदीच्या दिवशी साइटवर पाहा आणि १८ टक्के जीएसटी धरूनचा आहे का ते बघा. तीन प्लॅन शेजारी शेजारी उघडा: फक्त फोटोशॉप, फोटोग्राफी प्लॅन आणि फक्त लाइटरूम. फोटोग्राफी प्लॅनमध्ये फोटोशॉप आणि दोन्ही लाइटरूम असतात, तरीही तो अनेकदा एकट्या फोटोशॉपपेक्षा स्वस्त पडतो. लाइटरूमच्या प्लॅनमध्ये २०२५ पासून क्लासिकही येतं. टेम्पलेट न वापरणाऱ्या स्टुडिओसाठी लाइटरूमचा प्लॅन आणि पानं लावायला मोफत ॲफिनिटी ही जोडी आमच्या मते सगळ्यात शहाणपणाची. लाइटरूमच्या भाड्याच्या आकड्याला वर्षाच्या लग्नांनी भागून पाहा. एका अल्बममागे किती खर्च पडतो ते कळतं.

‘वार्षिक, पण दरमहा भरणा’ हा प्लॅन महिन्याचा वाटतो, तो तसा नाही. १४ दिवसांत रद्द केला तर पूर्ण पैसे परत मिळतात. त्यानंतर मध्येच सोडला तर उरलेल्या रकमेच्या निम्मे भरावे लागतात. पावसाळ्यात बंद ठेवू म्हणून घेतलेले लोक इथेच फसतात. एका लायसन्सवर दोन कॉम्प्युटरवर साइन इन ठेवता येतं, दुकानातल्या आणि घरच्या, पण वापरता येतं एका वेळी एकावरच. इंटरनेट रोज लागत नाही. वार्षिक प्लॅनवर ९९ दिवसांपर्यंत नेटविना चालतं. जनरेटिव्ह फिलसारख्या एआयच्या सोयींना मात्र दर वेळी नेट लागतं. उद्या भाडं बंद केलं तरी लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो पाहता आणि एक्स्पोर्ट करता येतात. डेव्हलप आणि मॅप हे विभाग बंद होतात.

लाइन जाण्याचं काय? फोटोशॉपमध्ये फाइल हँडलिंगच्या सेटिंगात रिकव्हरी १० मिनिटांवर असते, ती ५ वर आणा. गिंपमध्ये ठरावीक वेळाने आपोआप सेव्ह होत नाही, म्हणून लाइन गेली की शेवटच्या कंट्रोल-एस नंतरचं सगळं गेलं. यूपीएस नसेल तर प्लॅनच्या आधी यूपीएस घ्या.

क्रॅक कॉपीबद्दल स्पष्ट लिहितो. ती चालावी म्हणून अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच दारातून फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारे व्हायरस शिरतात. गिऱ्हाइकाच्या लग्नाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. शिवाय कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे बेकायदा सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. ॲफिनिटी आणि गिंप फुकट मिळत असताना ही जोखीम घ्यायला कारण उरलेलं नाही.

घेण्याआधी सात दिवसांची ट्रायल लग्न हातात असतानाच चालू करा, रिकाम्या आठवड्यात नको. एक पूर्ण लग्न त्यात काढा आणि निवड, करेक्शन, पानं अशा तिन्ही कामांचा वेळ वहीत मांडा. पाच फोटोंच्या ४ × ६ प्रिंट लॅबमधून मागवा आणि स्क्रीनशी ताडा. प्रिंट काळपट आली तर मॉनिटरचा उजेड जास्त आहे, तो उतरवा आणि रंग ६५०० केल्विनवर ठेवा. ट्रायल घेताना कार्ड किंवा यूपीआयचा ऑटोपे लागतो आणि मुदत संपली की पैसे कापले जातात. म्हणून सहाव्या दिवसाचा गजर मोबाइलमध्ये आधीच लावून ठेवा.